नंतर

माझ्या दाराला डोळा आहे. तुमच्याही असेल.
घंटी वाजली की मी पावलं न वाजवता जाते,
त्या डोळ्याला डोळा लावते:
गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल, कपाळावर तीन जिन्यांचा घाम.
मग मी घरात नसते.
कुकर तेवढा शिट्टी मारून चुगली करतो.

कन्नमवार नगरात वर्षाला किती पावतीपुस्तकं फिरतात
ते मला विचारा, विम्याच्या ऑफिसात बेरजाच करत आले.
मंडळात भांडणं झाली तेव्हापासून गणपती दोन,
मग देवी, जयंती, कबड्डीचे सामने,
वॉचमनच्या मुलीचं लग्न, जे गेल्या वर्षीही झालं होतं.

शिवाय फोन.
जेवणाच्या सुट्टीत, डब्यातल्या पोळीशेजारी
नाकात नळी घातलेलं बाळ:
फक्त सतरा तास उरलेत.
मी दिले. पाचशे, पुढच्या खेपेला तीनशे.
तेव्हापासून बाळं थांबेनात,
जणू एकमेकांना माझा पत्ता सांगून ठेवलाय त्यांनी.

एकदा रात्री त्यातल्या एकाला मी गप्प केलं, आठ तासांसाठी.
सकाळी पाहिलं तर, 'ही मोहीम बंद झाली आहे.'
रक्कम पुरी झाली म्हणून, की
तेवढं लिहायचं राहून गेलं होतं कुणाकडून.
मीही विचारलं नाही. मस्टर गाठायचं होतं.

मी अशी नव्हते.
सातवीत, भूकंपाच्या वर्षी,
आम्ही चौघींनी चादर धरली होती चार कोपऱ्यांना,
लालबागच्या गल्ल्यांतून. माझा कोपरा मागचा, उजवा.
गॅलऱ्यांतून नाणी पडत टप् टप्,
कुणी नोट बटाट्याला गुंडाळून टाकी, उडू नये म्हणून.
बंद गिरणीतल्या एका माणसाने खिसाच उलटा केला,
चार आण्यांबरोबर विडीचा चुराही आला.
संध्याकाळी चादर एवढी जड
की बोटांवर पीळ उमटले.
किती जमले ते आठवत नाही. पीळ आठवतात.
आता दिलं की पडद्यावर हिरवी खूण येते, टिंग होतं,
बोटाला काही कळत नाही.

तर ती मुलगी. शाहीन कोतवडेकर.
ऐकू न येणाऱ्या मुलांची कसलीशी शाळा, मानखुर्दला.
जूनमध्ये आली, मी म्हटलं, नंतर या.
ऑगस्टमध्ये आली. नंतर.
दसऱ्यानंतर आली तेव्हा
कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला मी दार उघडलं
आणि सापडले.

तिच्या वहीत माझ्या खोलीच्या नंबरापुढे
एकाखाली एक: नंतर, नंतर.
तिसऱ्यासाठी पेन तयार होतं.
"काकू," ती म्हणाली, आवाजात राग नव्हता,
रागावण्याइतका दमही नव्हता,
"तुम्ही नाही म्हणा ना.
नाही म्हटलं की आम्ही रेघ मारतो.
नंतर म्हटलं की मला पुन्हा जिने चढावे लागतात."

खाली कुणीतरी बोंबील तळत होतं.
मी बादली धरून उभी.
एवढी वर्षं मी दारोदारच्या माणसांना
नंतर वाटत आले होते, सढळ हाताने,
आणि वर स्वतःला मऊ मनाची समजत होते.

"नाही," मी म्हटलं.
घशातून यायला वेळ लागला. ती थांबली तेवढं.
मग पट्टीशिवाय सरळ रेघ ओढली,
"थँक्यू काकू" म्हणाली, टोमणा न मारता,
आणि वळून समोरच्या पडवळांची घंटी दाबली.

पडवळांच्या दाराचा डोळा उजळ होता.
काळा झाला.
मला दिसलं. तिलाही.
आतला टीव्ही बंद झाला,
आणि आम्ही दोघी थांबलो.